आता तू म्हण

महाड, ९ जुलै २०२४

अश्वजित,

जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडता ठेवून देशील, म्हणून पत्ता ऋतिकाकडून लिहून घेतला आहे. ऋतिका आमच्या शाळेत नववीत आहे. गळा चांगला, अक्षर त्याहून चांगलं. फसवणूक म्हण हवं तर. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

कामाचं तेवढं लिहिते. २२ सप्टेंबरला आईचा दुसरा स्मृतिदिन. रविवार येतो. कापड्याला आपल्या वाडीतल्या विहारात कार्यक्रम ठेवला आहे. पहिल्या वर्षी तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही विचारत नाही. या वेळी मला तिथे तुझी कविता बसवायची आहे, तीच, आई गेल्यावर जलदानविधीच्या दिवशी वाचलेली. समूहगान करायचं आहे, पण शाळेत पंधरा ऑगस्टला सगळी एका सुरात ओरडतात तसलं नाही. तीन थरांत, वेगवेगळ्या सुरांत. आईबरोबर अप्पांच्या गायन पार्टीत कोरसला उभ्या राहायच्या त्यातल्या ज्या उरल्यात त्या बायका, वाडीतल्या सुना, आणि माझ्या शाळेतल्या मुली.

शेजारच्या अरविंदने त्या दिवशी मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात तुझी कविता 'आता तू म्हण' इथपर्यंत आहे. मग काही वेळ तू नुसता उभा आहेस. मग माझा हात येतो, माइक घेतो, आणि माझा आवाज येतो, "चला, जेवणं वाढायला घ्या."

पुढची कविता पाठव. अर्धीला चाल लावता येत नाही. गाणं शेवटी कुठल्या सुरावर टेकणार ते ठरल्याशिवाय पहिला सूर कुठे धरायचा हे मला कळत नाही.

माइक घेतल्याबद्दल मी माफी मागत नाहीये, हे स्पष्ट असू दे. तू गप्प झालास. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं तुला भरून आलंय, पुढचं वाचवत नाहीये. भात उतरवलेला होता आणि निवत होता. बाहेर पाऊस, आत सगळी वाडी ताटकळलेली. थोरली मी. कोणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. तू त्यावर एक शब्द न बोलता निघालास, घाट चढून वाईला गेलास आणि तिथेच राहिलास. जगात भावंडं याहून मोठ्या गोष्टींवरून भांडतात.

कविता साध्या टपालाने पाठवलीस तरी चालेल.

उज्वला


महाड, २६ जुलै २०२४

अश्वजित,

उत्तर नाही. बरं.

मी थांबलेली नाही. असलेल्या ओळींवर काम सुरू केलं आहे. तुझी कविता मुक्तछंदात आहे, म्हणजे माझ्या दृष्टीने ती जिथे मनाला येईल तिथे बसते नि जिथे मनाला येईल तिथे उठते. केरव्यात घातली तर लग्नातलं गाणं वाटायला लागलं. दादऱ्यात घातली तर पाळणा. शेवटी ठेका सोडून दिला आणि नुसत्या श्वासावर बांधायला घेतली. एक ओळ, एक श्वास. मग जमायला लागली. कौतुक नाही करत, झालं ते सांगते.

ती मागे उभी असायची.
पहिली ओळ दुसऱ्याची.
तिच्या वाट्याला जे आलं
ते आधी कुणीतरी म्हटलेलं.

हे ऋतिका एकटी म्हणते. बाकीच्या तिच्या मागे.

लावणी आटोपली म्हणून बायका आता तालमीला मोकळ्या आहेत. दर रविवारी सकाळच्या एसटीने मी पोलादपूर, तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर रिक्षा. विहारात सतरंजी टाकून बसतो. सुंदराबाई आठवते ना? आईच्या उजव्या हाताला उभी राहायची ती, ढोलकीवाल्यावर ओरडणारी. अजून तशीच आहे. दात गेलेत, आवाज गेलेला नाही. खर्जात असा लागतो की खिडकीची काच वाजते.

पण वेगवेगळे सूर एकाच वेळी म्हणायचे ही कल्पनाच त्यांना पटत नाही. ऋतिका वर जाते, सुंदराबाईला मी सांगते की मावशी, तुम्ही खालीच राहायचं. दोन शब्द राहते खाली. मग हळूहळू सरकत सरकत पोरीच्या सुराला जाऊन चिकटते, आणि तिच्या मागून सगळ्या.

मी म्हटलं, "मावशी, असं काय?"

"गो उज्वला," म्हणे, "ती वर नि मी खाली, भांडण झाल्यासारखं वाटतंय. आमी कधी असं गायलो नाय. बुवाने टाकायचा नि आमी उचलायचा. एकच सूर."

बुवा म्हणजे अप्पा. मी म्हटलं, भांडण नाही, शेजार आहे. दोन घरं शेजारी असतात, एकच नसतात. ते तिला पटलं. आता ती दोनाऐवजी चार शब्द खाली राहते.

एक गोष्ट तुला मागच्या पत्रात सांगितली नव्हती. कविता बसवायची कल्पना माझी नाही, अप्पांची आहे. मी आपलं विचारलं होतं, की अप्पा, या वर्षी कुठलं गाणं घ्यायचं? मला वाटलं पार्टीचं जुनं एखादं सांगतील. ते म्हणाले, "पोराचं घे. ते अर्धं राह्यलंय."

आईच्या माघारी त्यांनी पेटी उघडलेली नाही. तिच्यावर चादर घालून ठेवली आहे आणि चादरीवर गोळ्यांचा डबा. आवाजही उतरला आहे. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांना त्या कवितेचा शेवट ऐकायचा आहे. अप्पांचं वय तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही.

माझ्यासाठी पाठवू नकोस. माझ्यासाठी तू काही पाठवावंस अशी माझी अपेक्षा नाहीच.

उज्वला


महाड, ११ ऑगस्ट २०२४

अश्वजित,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे तुझ्यामुळे कळलं. पुढे पत्ता, मागे दोन शब्द. "एवढीच होती."

मी ते कार्ड शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकू आली नाही. मग मला तुझा एवढा राग आला म्हणून सांगू, की सातवीच्या पोरांना उगाचच ओरडले.

एवढीच होती! म्हणजे दोन वर्षं मी आणि अप्पा नि सगळी वाडी जी अर्धी समजत होतो ती पुरी होती. तू अडकला नव्हतास. तुला भरूनही आलं नव्हतं. 'आता तू म्हण' म्हणून तू गप्प उभा राहिलास, तो गप्पपणा कवितेतच होता. आईने म्हणायचं होतं. ती म्हणणार नव्हती. आणि ते सगळ्यांनी ऐकायचं होतं. आणि मी त्यात "जेवणं वाढायला घ्या" म्हटलं.

पुन्हा रेकॉर्डिंग ऐकलं. या वेळी तुझ्याकडे बघत ऐकलं. तू अडकलेल्या माणसासारखा दिसत नाहीस. तू ऐकतो आहेस.

तरी मी म्हणते, की सख्ख्या बहिणीला जिचा शेवट कळत नाही ती कविता काय कामाची? कुठे काही खूण? आवाज खाली आणलास? कागद मिटलास? आम्ही साधी माणसं. गाण्यात शेवट आला की बुवा हात वर करतो, ढोलकी तिहाई मारते, लहान पोरालाही कळतं की संपलं. तू वाईला कॉलेजात मुलांना कविता शिकवतोस. त्यांना कळत असेल. जलदानाला आलेल्या माणसांना कसं कळावं?

हे मी रागात लिहिलं, पण खोडत नाही. आता दुसरंही लिहिते, म्हणजे हिशेब सारखा राहील. भात निवत होता हे खरं. पण मी भाताकडे बघत नव्हते. मी अप्पांकडे बघत होते. 'पहिली ओळ दुसऱ्याची' तू म्हणालास तेव्हा सगळ्या विहाराने त्यांच्याकडे बघितलं. पहिली ओळ कोणाची ते कापड्यात कोणाला माहीत नाही? बाई गेल्याला आठवडा नाही झालेला, आणि पोरगा माइकवरून सांगतोय की बापाने तिला जन्मभर मागे उभं केलं. अप्पांची मान जी खाली गेली ती वर येईना. तू डोळे मिटून वाचत होतास. तुला दिसलं नाही. मला दिसलं. मला ते थांबवायचं होतं.

खोटं काही लिहिलं नव्हतंस, हेही मला माहीत आहे. आई घरात चुलीपाशी पहिली ओळ म्हणायची, दुसरी म्हणायची, सगळं गाणं म्हणायची, आणि अप्पांहून बरं म्हणायची. पण स्टेजवर गेली की मागे. कोणी तिला कधी पुढे ये म्हटलं नाही. मीही नाही, तूही नाही.

अप्पांना काल सांगितलं, की कविता तेवढीच आहे, पुढे काही नाही.

"मग पुढे कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, अप्पा. गप्प राहायचं."

"हं," म्हणाले, आणि चहा प्यायले. वाईट वाटलं असेल तर दाखवलं नाही. मग म्हणाले, "तरी बसव. येव दे त्याला."

तर मी बसवते आहे. तुझी हरकत असेल तर कळव. कार्डावर अजून जागा असते.

उज्वला


महाड, २९ ऑगस्ट २०२४

अश्वजित,

या वेळी आख्खं पत्र पाठवलंस, आनंद आहे. त्यात 'ताई' हा शब्द एकदाही नाही आणि अटी चार आहेत, तेही पाहिलं.

एकही शब्द बदलायचा नाही. मान्य. बदलला नव्हताच.

ढोलकी नको. मान्य. सुंदराबाईने तोंड वाकडं केलं, मी समजूत घातली.

एकही ओळ दोनदा म्हणायची नाही. इथे थांब. अरे, जिच्यावर तू कविता लिहिलीस तिचं सगळं आयुष्य ओळ दोनदा म्हणण्यात गेलं. कोरस म्हणजे दुसरं काय? पण तू म्हणतोस की कवितेत एकदा आलेला शब्द दुसऱ्यांदा आला की खोटा होतो. मी दोन दिवस चिडून होते. मग एक वाट काढली. शब्द एकदाच. ऋतिका ओळ संपवते, आणि तिच्या शेवटच्या स्वराला मागच्या बायका धरून ठेवतात. 'असायची'मधली ई, 'दुसऱ्याची'मधली ई. ओळ निघून जाते आणि सूर मागे उभा राहतो. तुझी अट राहिली आणि आईही राहिली. ऐकशील तेव्हा सांग, चुकीचं आहे का.

माइक तिच्यापर्यंत वाकला नाही.
तिने ओठ पुसले पदराने,
आणि उरलेलं सगळं उचललं:
ओळ, टाळ, सतरंजी, पोर.

शेवटच्या ओळीतला एकेक शब्द एकेका रांगेला दिला आहे. 'पोर' सगळ्यांनी मिळून. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा एक सून रडायला लागली आणि तालीम मोडली. तिला आई नीट आठवतही नसेल, लग्न होऊन आली तेव्हा आई आजारीच होती. मला त्या पोरीचा राग आला नाही, हे नमूद करते.

चौथी अट. शेवटी गप्प राहायचं. तू लिहिलंस, "मोजू नका. जड होईपर्यंत थांबा." हे मला कळलं. गाण्यात विरामही गायचा असतो, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवते. त्यामुळे मान्य, आणि नुसतं मान्य नाही, मी तुला शब्द देते. त्या दिवशी 'आता तू म्हण'नंतर तिथे कोणी ब्र काढणार नाही.

मात्र शब्द देणं सोपं, गप्प बसवणं अवघड. शेवट मी असा बांधला आहे:

आई,
सगळे थांबलेत.
आता तू म्हण.

'आई' सगळ्यांनी, खालून वर. 'सगळे थांबलेत' नुसत्या खर्जातल्या बायका. 'आता तू म्हण' ऋतिका एकटी, आणि 'म्हण'च्या मागे स्वर धरायचा नाही. तिथे सूर मिटतो, मिटू द्यायचा. मी हाताची मूठ करते, मूठ म्हणजे गप्प.

पहिल्या खेपेला ऋतिकाने 'आता तू म्हण' म्हटलं, मी मूठ केली, आणि मागून सुंदराबाईने खणखणीत उचललं, "आताऽऽ तू म्हण!" तिच्यामागून सगळ्या.

"मावशी, इथे गप्प!"

"अगो, पण ती म्हण म्हणतेय ना!"

"ती तुम्हाला नाही म्हणत. आईला म्हणतेय."

"मंजुळा नाय तर आमी हाव ना मंजुळेच्या जागी. कोणी ओळ टाकली नि कोणी उचललीच नाय, तर टाकणाऱ्याची काय शोभा राह्यली? पार्टी फजीत होते तशाने."

ओळ टाकली की उचलायची, हे या बायकांच्या अंगात भाकरी उलटण्याइतकं मुरलेलं आहे. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला सुंदराबाई गप्प राहिली तर मागच्या तिघींनी उचललं. चौथ्या खेपेला सगळ्या गप्प राहिल्या आणि मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मी डोक्याला हात लावला. घरी येताना एसटीत एकटीच हसले, तेही सांगून टाकते.

मागच्या रविवारी सुंदराबाईने स्वतःच उपाय काढला. शेवट आला की पदराचा बोळा तोंडावर धरते. ओंगळ दिसतं, पण चालतं.

अप्पा प्रत्येक तालमीला येतात. भिंतीशी खुर्चीवर बसतात. शेवटच्या विरामाला मान वर करून आमच्याकडे बघतात, आणि तो मोडला की परत खाली बघतात.

उज्वला


महाड, १६ सप्टेंबर २०२४

अश्वजित,

थोडक्यात लिहिते, गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेत चाचण्या लागल्यात.

आंबेनळी घाटातून गाड्या चालू आहेत, मी डेपोत विचारलं. दरड आली म्हणून सांगू नकोस, निदान आदल्या दिवशी आली तरच सांग. सकाळची बस महाबळेश्वरहून धरलीस तर वेळेत पोचतोस. कार्यक्रम अकराला. वंदना, दोन भाषणं, मग आपलं. अरविंद बोलणार आहे, त्यामुळे उशीर झालास तरी काही चुकणार नाही.

आता गप्प बसणं जमतं आहे. काल दोनदा जमलं. दुसऱ्यांदा ते इतकं जड झालं की ऋतिकाने माझ्याकडे घाबरून बघितलं. तुझ्या डोक्यात काय होतं ते मला काल समजलं. आधी समजलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. कदाचित तरीही अप्पांकडे बघून तेच केलं असतं.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. माझ्या घरी उतरू नकोस. पण अप्पांना तू हवा आहेस. मी मागितलेलं नाही असं समज आणि ये.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात आहे.

उज्वला


महाड, २४ सप्टेंबर २०२४

आशू,

तू आलास ते मी पाहिलं. कोणाला सांगितलं नाही.

तू मला पाहिलंस की नाही, माहीत नाही. विहाराच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतास, अंगात रेनकोट तसाच. आत आला नाहीस. शेवटी वळेपर्यंत मी दाराकडे पाठ करून बायकांसमोर उभी होते, त्यामुळे तू कधी आलास हे मला कळलेलं नाही. मला वाटतं सुरुवातीपासून असावास. दारातून जे दिसलं नसेल तेवढं लिहिते.

अरविंद बोलला, ठरल्यापेक्षा जास्तच बोलला. मग आम्ही उभ्या राहिलो. पहिल्या चार ओळी ऋतिकाने नीट घेतल्या. मागचा स्वर उभा राहिला. सुंदराबाई अख्खं कडवं खाली राहिली, सरकली नाही. मी तिला डोळ्यांनी शाबासकी दिली. 'ओळ, टाळ, सतरंजी, पोर' झालं तेव्हा समोरून कोणीतरी म्हणालं, "मंजुळेचीच ती सतरंजी," आणि दोन-चार बायका हसल्या. तालमीत या ओळीला कधी कोणी हसलं नव्हतं. आवडलं मला.

मग 'आई'. मग 'सगळे थांबलेत'. मग ऋतिकाने म्हटलं, "आता तू म्हण."

मी मूठ केली.

कोणी हललं नाही. सुंदराबाईने पदर तोंडावर नुसता धरला नाही, दातात धरला. पागोळ्यांचा आवाज येत होता. मला माझ्या मुठीतली नस कळत होती. तुला दिलेला शब्द मी पाळत होते, आशू, आणि सगळ्या बायका माझ्यासाठी पाळत होत्या. पुरेसं जड झालं होतं. मी हात खाली घेणारच होते.

माझ्या पाठीमागून आवाज आला, "आता तू म्हण."

हळू, धापेसकट, ऋतिकाच्या सुराच्या खाली. मला आधी वाटलं तूच. मी वळले. अप्पा. खुर्चीचा दांडा धरून बसलेले, आईच्या फोटोकडे बघत. त्यांनी ती ओळ उचलली होती. टाकली नव्हती, उचलली होती, तुला फरक कळेल. कोरसचे लोक उचलतात तशी, थोडी उशिराने, दुसऱ्याच्या सुराचा अंदाज घेत. जन्मभर त्या माणसाने पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हणताना त्यांना मी कधी ऐकलेलं नाही, तूही ऐकलेलं नाहीस. त्यांना ती नीट जमली नाही. मध्येच आवाज फाटला.

मग सुंदराबाईने पदर सोडला. बुवाचा आवाज फाटला आणि ती गप्प बसेल? तिने घेतलं, "आता तू म्हण," आणि तिच्यामागून सगळ्यांनी. माझे तीन थर गेले कुठल्या कुठे. सगळ्या अप्पांच्या सुरावर येऊन बसल्या. समोरची माणसंही म्हणायला लागली. तुझ्या चार अटींपैकी दोन तिथे मोडल्या, आणि मी दिलेला शब्दही मोडला. मी भीतभीत दाराकडे बघितलं.

तुझं तोंड हलत होतं.

रेनकोटची टोपी डोक्यावर होती, तोंड अर्धं झाकलेलं, तरी दिसलं मला. तू म्हणत होतास. एकदा नाही, सगळ्यांबरोबर, जितक्यांदा ते म्हणत होते तितक्यांदा. लहानपणी स्टेजच्या मागे आईचा पदर धरून म्हणायचास तसंच, मान थोडी उजवीकडे. म्हणून मी तुला वचनभंगाबद्दल काही लिहीत नाही. मी गायले नाही. माझा हात तसाच वर राहिला होता, मूठ केव्हा सुटली ते कळलं नाही.

परत बघितलं तर दारात तू नव्हतास. मला तुझ्यावर चिडायचं होतं, पण रडू आलं. हे तुला आवडेल म्हणून लिहीत नाही, झालं ते सांगते.

जेवताना अप्पांनी विचारलं, "पोरगा आलेला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज आला त्याचा. जेवला?"

"नाही. गेला."

त्यांनी घास घेतला. ताटातला भात कालवत म्हणाले, "मी तिला कधी म्हण म्हटलंच नाय गो. पोराला म्हणावं लागलं." मग म्हणाले, "सांग त्याला, ओळ चांगली हाय." तर सांगितलं.

घरी गेल्यावर त्यांनी पेटीवरचा गोळ्यांचा डबा उचलून खिडकीत ठेवला. पेटी उघडली नाही. चादर काढून घडी केली. एवढंच.

तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत ठेवलं, मग सुंदराबाईकडे दिलं.

एक राहिलं. ते सगळे म्हणत होते, आणि संपवायचं कोणी हे कोणालाच माहीत नव्हतं. बुवा हात वर करेना, मी तर नाहीच. माइक माझ्या शेजारी स्टँडला लावलेला होता, हाताच्या अंतरावर. तेवढ्यात अरविंद वाकून वाकून माझ्यापर्यंत आला आणि कानात म्हणाला, "ताई, भात निवतोय."

मी म्हटलं, "निवू दे."

तुझी,
ताई